दारातलं कवठ

आई, तुझं दारातलं कवठ अजून ताठ उभं आहे, वाकलेय ती मीच. रोज सकाळी त्याचा पाला झाडते, बोटात काटा मोडतो आणि तुझ्यावर चिडते. दुष्काळात अख्ख्या भिंगारच्या विहिरी तळाला गेल्या, आपली लिंबोणी वाळली, पेरू वाळला. याला मात्र काडीचा फरक पडला नाही. उलट त्या वर्षी जास्तच लगडलं, मेलं!

महाशिवरात्रीच्या आधीची ती दुपार आठवते. तू स्वयंपाकघरात फरशीवर बसून एकेक कवठ हातभर उंचीवरून खाली टाकतेयस. उसळलं तर कच्चं, ते परत उन्हात. जागच्या जागी बसलं तर पिकलेलं. मी घाईघाईनं एक कच्चंच फोडलं, तर डोक्यात टपली बसली. "फळाला घाई न्हाई, तुलाच लई हाय!" मग गूळ, मिरची, जिरं घालून चटणी, आणि गल्लीभर वाट्या. कुणाचं पोट बिघडलं की कच्चा गर ताकात कालवून. रिकाम्या कवचात तू मीठ ठेवायचीस. काही म्हणून वाया घालवायचं नाही, हा तुझा खाक्या.

आता गल्लीत कुणाला कवठ नको असतं. मागच्या आठवड्यात एक फळ तुझ्या नातवाच्या नव्या गाडीवर पडलं, काचेला तडा गेला. दुसऱ्या दिवसापासून तो गाडी गल्लीच्या टोकाला लावायला लागला, तेच जास्त लागलं. आज सकाळी झाड तोडायला दोन माणसं घेऊन आला. म्हणाला, "आई, घरात कोण खातं गं ते? उद्या कुणाच्या डोक्यात पडलं म्हणजे?" त्याचं काय चुकलं? मी इतकी दमलेय, की नुसती मान हलवली असती तरी सुटले असते. रोजचा पाला गेला असता, कटकट गेली असती. त्यांनी फांदीला दोर बांधला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी खाते."

"तू? कधी?"

"रोज. फळं उतरवून घ्या आणि झाड राहू द्या."

त्यानं कपाळाला हात लावला. माणसांनी फळं उतरवली, चहा घेतला आणि गेली.

मग काय, करावीच लागली चटणी. संध्याकाळी सगळ्यांच्या देखत भाकरीबरोबर खाल्ली. सून म्हणाली, छान झालीय.

हे पत्र कुठं धाडायचं नाहीच, म्हणून सांगून टाकते. आई, मला कवठ आवडत नाही गं. कधीच आवडलं नाही. नुसत्या वासानं दात आंबतात. पण ती चटणी वाटायला तू बसायचीस, एरवी बसायचीस कुठे? तुझ्या मांडीला मांडी लावून बसायला मिळावं म्हणून मी मागून मागून खायचे. आता जिवंत असेपर्यंत खावं लागणार.