अण्णांच्या बाजूची काच

रविवार, ११ मे २००३

आज मारुतीच्या काचांची काळी फिल्म काढली. अण्णा जाऊन महिना झाला. अर्धांगवायूनं वाचा गेल्यावर ती त्यांनीच खुणा करून बसवून घेतली होती. जन्मभर गूळ बाजारात सौदे पुकारलेला माणूस. वाकडं झालेलं तोंड कुणाला दिसायला नको होतं. तरी रोज बाजारावरनं गाडी न्यायलाच लागायची.

साबणाचं पाणी मारून ब्लेडनं खरवडत होतो. त्यांच्या बाजूच्या काचेवर रुपयाएवढी फिल्म आतनं नखानं आधीच काढलेली. आई म्हणाली, "तिथनं बाजार बघत असतील की रं."

मी हो म्हणालो. पण ती रुपयाएवढी जागा डोक्यातनं जात नाही. आतनं बाहेरचं तर फिल्ममधनंही दिसायचं. बाहेरनंच त्यांना कुणी बघू शकत नव्हतं.