पाचूबंदरी ‘सण’ म्हणजे काय, हे सल्लागारास शिकविण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
लघुधंदे मार्गदर्शन शाखा,
ठाणे.

विषय : नवीन धंदे-सल्लागार पाचूबंदरी रुजू करण्यापूर्वी त्यास एक महिना अर्जदाराच्या पडवीत शिकण्यास बसविण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र क्र. १७, दि. ११ जानेवारी १९५४.

महोदय,

१. अर्जदार हा पाचूबंदर येथे एकतीस वर्षे बिगारीच्या वर्गातल्या मुलांना अक्षरे शिकवून निवृत्त झालेला व आता पडवीत तेच करणारा इसम आहे. कोळीवाड्यातील बहुतेकांची पहिली पाटी त्याच्यासमोर फुटली, त्यामुळे तंटा झाला की माणसे आधी त्याच्या पडवीत येतात आणि मग पोलीस चौकीत जातात. गेल्या २६ डिसेंबरला मात्र कोणीही पडवीत आले नाही. वेळच मिळाला नाही.

२. आपण संदर्भीय पत्रात कळविता की, आपले सल्लागार श्री. यशवंत नलवडे ‘लिखाणाच्या कामास असमर्थ’ ठरल्याने त्यांची सेवा ३१ जानेवारीस समाप्त होईल आणि १ फेब्रुवारीस नवे सल्लागार येऊन ‘झालेल्या कराराची अंमलबजावणी’ करतील. हे वाक्य अर्जदाराने दोनदा वाचले व पत्र उशाखाली लपवून ठेवले. ते बाहेर फुटले असते तर त्याच दिवशी कोयते निघाले असते.

३. तो करार गेल्या ११ ऑक्टोबरला असा झाला. पाचूबंदरच्या किनाऱ्यावर बोंबील वाळवायची एक जागा रेजिना या मासेविक्रेतीची आहे. तिची होडी दुरुस्तीला काढली होती. होडीच नाही तर जागा रिकामी कशाला ठेवायची, म्हणून तिने ती शेजारीण क्लारा हिला वापरायला दिली. जागा देताना ती म्हणाली, “सनापर्यंत वापर गो. मंग माझी मला.” हा व्यवहार तोंडी होता व तो तोंडीच पुरला असता. पण आपल्या शाखेच्या पुस्तिकेत ‘लहान धंदेवाल्यांचे व्यवहार लेखी करावेत’ असे कलम आहे, आणि नलवडे हे कलमे पाळणारे तरुण गृहस्थ आहेत.

४. नलवडे साताऱ्याकडचे. आमच्याकडे ‘ण’ जिभेवर टिकत नाही. पाण्याला आम्ही पानी म्हणतो आणि सणाला सन. रेजिना नाताळाबद्दल बोलत होती. नलवड्यांनी सरकारी कागदांवर जन्मभर ‘सन’ म्हणजे वर्ष एवढेच पाहिलेले. त्यांनी लिहिले, ‘एक सन पूर्ण होईतो’. मग त्यांनी ते दोघींना मोठ्याने वाचूनही दाखविले, आणि दोघींनी नाताळ ऐकून माना डोलावल्या. क्लाराने सही केली, रेजिनाने अंगठा उठविला. इतका प्रामाणिकपणे केलेला गोंधळ अर्जदाराने दुसरा पाहिला नाही. कचेरीत परतल्यावर नलवड्यांनी कागद नीट दिसावा म्हणून त्यावर तारीखही घातली : ११ ऑक्टोबर १९५४ पावेतो.

५. नाताळ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी रेजिना ओल्या बोंबलांच्या टोपल्या घेऊन जागेवर गेली. क्लाराच्या नवऱ्याने, पास्कलने, तो कागद कोणाकडून तरी वाचून घेतला होता. तो कागद नाचवून म्हणाला, “सरकारनं वरीसभर दिलीय. जा घरी, निजून ऱ्हा.” रेजिनाने क्लाराचे वाळत घातलेले बोंबील दोन्ही हातांनी ओरबाडून वाळूत तुडविले. क्लाराने तिचे केस धरून तिला वाळवणीच्या मांडवाच्या बांबूवर आपटले व तिचे दोन दात पडले. ते पाहून रेजिनाचा नवरा बॅप्टिस्ट याने मांडवाचा बांबूच उपसला आणि पास्कलच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज अर्जदाराने आपल्या पडवीत ऐकला. त्याला वाटले, कोणी होडीची फळी फोडीत आहे. तो पोचेपर्यंत दोन्हीकडून वल्ही चालू झाली होती. बायका वाळू भरलेल्या मुठी डोळ्यांत मारीत होत्या. ज्यांची डोकी अर्जदाराने कधी कुरवाळली होती, ती त्याच्यासमोर फुटत होती आणि ‘अरे पोरांनो’ एवढेच त्याच्या तोंडून निघत होते.

६. नलवडे सायकलवरून आले. पळून गेले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. ते पास्कलच्या हातून कागद घेऊन मधोमध उभे राहिले व तो उजव्या हाताने उंच धरून ओरडू लागले, “कागद बघा! आधी कागद बघा!” पाचूबंदरी त्या क्षणी त्या कागदाइतका वैरी दुसरा कोणी नव्हता. बॅप्टिस्टने त्यावर कोयता घातला. तो चौकीत म्हणाला, “मी कागदावर मारला, सायबावर नाय.” अर्जदारास हे खरे वाटते. कागदाचे दोन तुकडे झाले. त्याबरोबर तीन बोटे गेली. ती वाळूतल्या बोंबलांमध्ये पडली आणि अर्जदाराने ती वाकून निवडून काढली. त्याआधी एक कावळा हाकलावा लागला.

७. बॅप्टिस्ट जामिनावर सुटून आला आहे व कोयत्याला धार लावीत दारात बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, “पुढचा सायेब कागद घेऊन आला तर खांद्यापासून.” पास्कल हात गळ्यात बांधून जागेवरच झोपतो, पाच भावांसह. रेजिनाची होडी तयार आहे, पण आलेले बोंबील वाळवायला जागा नाही, ते कुजतात. आपला नवा माणूस १ फेब्रुवारीस त्याच कागदाची नक्कल घेऊन या दोघांच्या मध्ये उभा राहील. त्यालाही आई असेल.

८. अर्जदाराने चौकशी केली असता समजले की, सल्लागारांस पुण्यास सहा आठवडे शिक्षण मिळते. त्यात टंकलेखन, फाईल बांधणे व भाषण करणे आहे. मासे विकणाऱ्या बाईसमोर तासभर गप्प बसणे त्यात नाही. तरी विनंती की, नव्या सल्लागारास महिनाभर येथे द्यावे. तो बिगारीच्या मुलांत मांडी घालून बसेल. मुले त्याला हसतील, हसू द्यावे. हसून झाले की मुले शिकवितात. मग त्याने हाताने बोंबील टांगावेत, टोपली डोक्यावर घेऊन वसईचा बाजार करावा, आणि महिना संपेपर्यंत एक अक्षरही कागदावर लिहू नये. परीक्षा रोझमेरी नावाची सहा वर्षांची मुलगी घेईल. ती कोणालाही सहज पास करीत नाही.

९. हे शिकविण्यास अर्जदार लायक आहे काय, असे आपण विचाराल. याचे उत्तर देणे त्यास जड जाते. सन १९२० मध्ये अर्जदार शिक्षण संपवून शुद्ध ‘ण’ घेऊन वटार गावाहून येथे आला. पहिल्याच महिन्यात आठ वर्षांच्या एका मुलीने पाटीवर ‘नाताळचा सन’ असे लिहिले. अर्जदाराने तिच्या तळहातावर छडी ओढली. तिने पुन्हा तेच लिहिले. त्याने पुन्हा ओढली, रक्त येईपर्यंत. ती मुलगी शाळेत परत आली नाही. ती रेजिना होय. तिने करारावर अंगठा का उठविला, हे आपल्या फाईलमध्ये कोठेही नाही, म्हणून येथे नमूद केले आहे. कोयता बॅप्टिस्टने चालविला, पण पहिला वार अर्जदाराचा आहे. त्यानंतर त्याने छडी हातात धरली नाही.

१०. नलवडे इस्पितळातून सुटल्यापासून अर्जदाराच्या पडवीत मुलांबरोबर डाव्या हाताने पाटी गिरवितात. सबब ते ‘लिखाणास असमर्थ’ नाहीत. त्यांना काढू नये. येणाऱ्यांना शिकविण्यास, कागदाची किंमत हाताने मोजलेला त्यांच्यासारखा माणूस आपल्या शाखेस मिळणार नाही. रेजिना त्यांना पाहायला म्हणून आली आणि कुंपणाशी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी आत येऊन बसली. नलवड्यांनी सर्वांसमक्ष तिला म्हटले, “बाई, मी चुकीचं ऐकलं.” ती म्हणाली, “मंग आता नीट आयका.” क्लाराही तेव्हा कुंपणापर्यंत आलेली अर्जदाराने पाहिली. तिला आत यायला थोडे दिवस लागतील. तेवढे दिवस आपण द्यावेत, एवढेच मागणे आहे.

आपला नम्र व उशिरा शिकलेला,
सांतान पावलू तुस्कानो
(सेवानिवृत्त शिक्षक)
पाचूबंदर, वसई.
दि. २१ जानेवारी १९५४

सोबत :
(१) करारनाम्याचे दोन तुकडे. डाग धुतलेले नाहीत.
(२) नलवडे यांनी दिलेला जबाब, की ‘सन’ हा शब्द रेजिनाबाईंनी नाताळाबद्दल उच्चारला व त्यांनी तो वर्ष म्हणून लिहिला.
(३) पाटीवरून उतरविलेला कागद. वरची ओळ नलवडे यांच्या डाव्या हातची : ‘सण’. खालची ओळ रेजिनाबाईंच्या हातची : ‘सन’. दोन्ही तपासल्या. दोन्ही बरोबर आहेत.