अंगठ्याचा पहिला मान

ठाकुर्ली, मंगळवार

महिपतशेठ यांस,

भावोजी गोपीनाथचा दोन्ही हात जोडून नमस्कार (दहाही बोटं आली, तपासून घ्यावीत).

विठ्ठलवाडीत सगळे खुशाल असतील. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला? (विचारायला फोन केला होता. वहिनी 'हे घरात नाहीत' म्हणाल्या, पण मागून तुमचाच आवाज आला, 'सांग, घरात नाही.' म्हणून पत्र.) पुढच्या रविवारी आमच्या समृद्धीचा साखरपुडा आहे आणि तिच्या एकुलत्या एका मामाने आमच्या दारात पाय ठेवणार नाही असं जाहीर केलंय. ते ऐकल्यापासून तुमची बहीण माझ्या ताटात रात्री फक्त वरण वाढते, तेही न बघता. तेव्हा त्या दिवशी दारात नेमकं काय घडलं ते शांतपणे वाचावं. सोबत चहा घ्यावा.

रिटायर झाल्यापासून मला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागलाय (तुम्ही त्याला रिकामे धंदे म्हणता). कल्याणहून बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर आणला, दाराच्या कुलपाला जोडला आणि प्रोग्राम स्वतः लिहिला. ठसा नोंदवायची पद्धत साधी आहे: बोट ठेवायचं, उचलायचं, तेच बोट पुन्हा ठेवायचं. दोन्ही ठसे जुळले की यंत्र ते एका नंबरावर साठवतं. हा नंबर प्रोग्राममध्ये आपण द्यायचा. ज्याने हे यंत्र बनवलं तो आपल्याकडच्या हळदीला कधी आलेला नसावा.

कारण पहिला नंबर द्यायचा कोणाला? माझी गोदाआत्या वयाने मोठी. तुळसा तुमची बहीण असली तरी या घराची मालकीण. आणि तुम्ही मामा! आमच्या मुलाच्या, हर्षितच्या हळदीला मानाची टॉवेल-टोपी तुमच्याआधी माझ्या चुलत्याला गेली, तेव्हा तुम्ही मांडवाच्या खांबाला टेकून बसलात आणि मटण गार होईपर्यंत उठला नाहीत, हे मी विसरलेलो नाही. मग मी डोकं चालवलं. सगळ्यांनाच पहिला नंबर! प्रोग्राममध्ये नंबराच्या जागी एक टाकला आणि विषय मिटवला. ज्याने विचारलं त्याला सांगितलं, 'तुमचाच पहिला.' इतका समाधानी परिवार मी आयुष्यात पाहिला नव्हता.

आधी तुळसाचा ठसा घेतला, मग नारळ फोडून तुमचा (तुम्ही अंगठा असा दाबलात की सेन्सर दारातून पलीकडे जातो की काय वाटलं). समृद्धीला बघून गेलेले होणारे व्याही यायची वेळ झाली म्हणून तुम्ही पेढे आणायला गेलात आणि मी आत्याला धरलं. ती म्हणाली, "आंगठा कनाला पायजे तुला? आंगठा दिला का जमीन जाते." तिची समजूत घातली. पहिल्यांदा अंगठा दिला, दुसऱ्यांदा करंगळी पुढे केली, का तर अंगठ्याचं एकदा झालं ना, आता दुसरं बोट घे. शेवटी मीच तिचा अंगठा धरून दोनदा टेकवला. यंत्राने हिरवा दिवा दिला आणि मी खूश झालो. एका नंबरावर एकच ठसा राहतो आणि नवा आला की जुना पुसला जातो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. थोडक्यात, आत्या तुमच्या जागेवर बसली.

पुढचं तुम्ही जाणता. व्याही सोफ्यावर बसले होते. तुम्ही ऐटीत अंगठा लावलात आणि यंत्र माझ्या आवाजात ओरडलं, "तू कोण रे? चल निघ इथून!" तुम्ही पुन्हा लावलात, ते पुन्हा ओरडलं. व्याही हसले. तो आवाज मी चोरांसाठी भरून ठेवला होता हो! मी आतून दार उघडेपर्यंत पेढ्यांचा बॉक्स चपलांच्या रॅकवर होता आणि तुम्ही रिक्षात. एका पायात चप्पल घालून नाक्यापर्यंत धावलो. मला खरंच फार वाईट वाटलं. तुमचे पेढे चांगले होते, पण घशाखाली उतरले नाहीत (व्याह्यांच्या उतरले).

आता प्रोग्राम नव्याने लिहिलाय. प्रत्येकाला वेगळा नंबर आहे आणि पहिला तुमच्यासाठी रिकामा ठेवलाय. आत्यासुद्धा म्हणते, "तो महिपतचा."

आपला,
गोपीनाथ

ता.क. एक बारीकशी अडचण. नवा प्रोग्राम चढवताना सगळेच ठसे पुसले गेले. पहिला तुमचा घेतल्याशिवाय बाकी कोणाचा घ्यायचा नाही असं ठरवलंय, म्हणून आता यंत्र मलाही 'तू कोण रे' विचारतं. कुलपाची एकुलती एक किल्ली तुम्ही पेढे आणायला निघालात तेव्हा मी तुमच्या खिशात घातली होती. (खिशात किल्ली असताना अंगठा कशाला लावलात, हे मी विचारणार नाही. व्याह्यांना दाखवायला, दुसरं काय.) सध्या आत्या दाराशी खुर्ची टाकून बसते, पण रविवारी तीही हॉलवर येणार. तेवढी किल्ली घेऊन या.

ता.क. दुसरं. तुळसा आत गेलीय म्हणून खरं लिहितो. किल्लीवाल्याने कालच दुसरी किल्ली करून दिली, दार झकास उघडतं. पण तुमच्यासारख्या माणसाला रुसवा सोडून यायला काहीतरी काम लागतं, म्हणून किल्ली पुढे केली. समृद्धीने सांगून टाकलंय, मामा आल्याशिवाय अंगठी घालून घेणार नाही. आणि ती खरंच घेणार नाही, तुमच्याच घराण्यावर गेलीय. किल्ली हरवली असेल तरी या. अंगठा लावू नका, बेल वाजवा. दार मी उघडतो.