फसवी माती

१२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणणारच. इथे कॅम्पवर रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर, आणि मी टाकीवरून बोलतेय हे कळलं की तू पहिली दहा मिनिटं "आधी खाली उतर" एवढंच म्हणणार. शिवाय फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? पत्रात निदान मध्येच तोडता येत नाही.

मी बरी आहे. वेळेवर जेवते, स्वेटर घालते, गुडघा कुरकुरतो पण चालतो. दुकानातली दिवाळीच्या शिवणाची गर्दी उरकली का? बबडीचं कॉलेज कसं चाललंय? तिला सांग, मावशीच्या टेबलावर तिचाच फोटो आहे, तो चिखलाने माखलेला. भाऊजींना नमस्कार.

काम म्हणशील तर जोरात चाललंय. डोंगरमाथ्यावरच्या जंगलात आम्ही छातीएवढे खोल खड्डे खणतो आणि मी आत उतरून मातीची भिंत थराथराने तपासते. वर पाचोळा. त्याखाली चार बोटं काळसर, भुसभुशीत माती; तिचा वास तुला आवडला असता. मग एक फिकट थर, पाण्याने धुऊन धुऊन सत्त्व गेलेला. आणि त्याच्याखाली लालसर पिवळी चिकणमाती. ढेकूळ फोडलं की आतून मेण लावल्यासारखं चकाकतं, कारण झिरपणारं पाणी वरचे बारीक चिकण कण खाली आणून तिथे बसवतं. चुना-बिना सगळा वाहून गेलेला, त्यामुळे माती आंबट. एवढाले वृक्ष त्या वरच्या चार बोटांवर जगतात, ताई. पान गळतं, कुजतं, तेच झाडं परत खातात. खाली त्यांच्यासाठी काही नाही.

मुद्दा असा की हिच्यासारखीच दिसणारी, पण बऱ्यापैकी सुपीक अशी दुसरी एक माती असते. वर्गीकरणात दोघींची नावं वेगळी. नाव द्यायच्या आधी खालच्या थरात चिकण किती वाढली ते बघावं लागतं. आम्ही करतोय त्या नकाशावर नाव चुकलं तर कुणीतरी वरचा माणूस "छान, लागवडीला घ्या" म्हणून सही ठोकेल, झाडं जातील, आणि ती चार बोटं दोन पावसांत ओढ्याला लागतील. लॅबचे आकडे यायला महिना लागतो. मी जागेवर सांगते. म्हणजे सांगायचे.

कशी, ते तुला माहीत आहेच. चिमूटभर माती ओली करायची आणि अंगठा नि शेजारचं बोट यांच्यात मळायची. वाळू खरखरते, पोयटा पिठासारखा मऊ लागतो, चिकण बोट सोडत नाही. म्हणून तर ऑफिसात मला "चिमटी" म्हणतात. लॅबवाली बाई तर म्हणायची, "चिमटीबाईंनी सांगितलंय ना? मग माझं यंत्र कशाला तापवू?"

हो, एक विचारायचं राहिलं. बाबांच्या हाताचं सुरू झालं तेव्हा त्यांचं वय काय होतं गं? मला पन्नाशी आठवते, पण मी तेव्हा लहान, माझ्या आठवणीचा काय भरवसा! आणि आधी कुठलं बोट? सहज विचारते.

इथे थंडी पडायला लागली आहे. सकाळी तंबूची दोरी सोडताना हात बधिर होतात. थंडीने होतात. सगळ्यांचेच होतात.

बरं, लॅबचं सांगत होते. गेल्या महिन्यात आकडे आले. खालच्या थराला मी "पोयटा" लिहिलं होतं आणि लॅबने निम्म्याहून जास्त चिकण दाखवली. मी तडक लॅबमध्ये जाऊन त्या बाईशी भांडले. म्हटलं, पिशव्यांची अदलाबदल केलीत तुम्ही. त्या बिचारीने माझ्यासमोर नव्या पिशवीतली माती काढून पुन्हा चाचणी लावली. आकडा तोच. मग मी म्हटलं, ही मातीच फसवी आहे.

आणि ते खोटं नाही बरं का! या आंबट लाल मातीत चिकणीचे कण एकमेकांना धरून बारीक गोळ्या करून बसतात. हातात घेतली की आधी रवाळ लागते. बराच वेळ मळलं की गोळ्या फुटतात आणि मग तिचा खरा स्वभाव कळतो. नवशिके दोनदा चोळून "पोयटा" लिहून मोकळे होतात. पण मी नवशिकी नाही, ताई. ही गोष्ट मीच पोरांना शिकवते, आणि वर त्यांना हसते.

त्या दिवशी लॅबमधून परतताना मला बाबा आठवले. घड्याळ दुरुस्त करताना स्क्रू चिमट्यातून निसटला की ते स्क्रू बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. "हल्ली माल कसला काढतात, हरामखोर!" आणि आपण दोघी लोहचुंबक घेऊन टेबलाखाली रांगायचो. कुणाला जास्त स्क्रू सापडतात याची पैज लावायचो. किती मज्जा वाटायची गं आपल्याला त्याची.

परवा माणसं जेवायला वर गेली आणि मी खड्ड्यातच बसले. एका हातात वरच्या थरातली माती घेतली, दुसऱ्या हातात खालची. डोळे मिटले. मळत राहिले, पार हात भरून येईपर्यंत. दोन्ही सारख्याच. जाड मोजे घालून मळावी तशा. डोळे उघडले तर उजव्या बोटांना चिकणीचा लेप बसला होता, अंगठा बोटाला चिकटून बसला होता, आणि मला पत्ता नव्हता.

ताई, मला भीती वाटते. घे, लिहून टाकलं.

साहेबांना सांगितलंय. माझ्या हातावर विसंबून नाव दिलेले सगळे खड्डे लॅबमधून तपासून घ्या म्हटलं, तेव्हा ते आधी हसले, मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाले, "चिमटी, नकाशा थांबवता येईल. तू डॉक्टरकडे जा." मी हो म्हटलं आणि गेले नाही. डॉक्टरची भीती नाही गं मला. पण तो पहिला प्रश्न विचारणार, "घरात आणखी कुणाला?" मी बाबांचं सांगेन. मग तो विचारणार, "आणि आता, हयात असलेल्यांत?" तिथे मी काय सांगू?

मी मे महिन्यात आले होते तेव्हा तू पांढऱ्या शर्टाची कॉलर लावत होतीस. टाचणी तुझ्या बोटात शिरली होती. नुसती टोचली नव्हती, शिरली होती. मी ओरडले. आणि तू म्हणालीस, "अगं बाई, शर्टाला डाग पडला!" बोटाचं नावही काढलं नाहीस. वर म्हणालीस, शिवून शिवून बोटं निबर झालीत. मी पण हसले. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. आता मी खड्ड्यात उतरले तरी ती टाचणी दिसते, जेवायला बसले तरी तीच दिसते.

म्हणून या पाकिटात दोन पुड्या घातल्या आहेत, एक लाल दोऱ्याची, एक पांढऱ्या. कुठली कुठल्या थरातली ते सांगत नाही. दोन्हींतली चिमूट चिमूट ओली कर, डोळे मीट, आणि बबडीला तुझ्या बोटांत द्यायला सांग. घाई करू नकोस, भरपूर मळ. मग कुठली चिकट ते सांग. आणि मला बरं वाटावं म्हणून काहीतरी लिहू नकोस. तू थापा मारतेस तेव्हा तुझं अक्षर सुंदर येतं, मला लगेच कळतं.

काही निघालं नाही तर मला मूर्खात काढ, वर्षभर चिडव, सगळ्या नातेवाइकांना सांग. देव करो नि तसंच होवो.

तुझ्या उत्तराच्या आधी डॉक्टरकडे न जाणारी, भित्री,
छोटी


२१ नोव्हेंबर

छोटे,

तुला आशीर्वाद, आणि त्याहून जास्त शिव्या. एवढंसं विचारायचं होतं, त्यासाठी चार पानं मातीचं पुराण! अक्षर बघून घे. मला वाचता येत नाही इतकं वाईट आहे, तेव्हा थापा नाहीत.

बाबांना पंचेचाळिसावं लागलं होतं. आधी अंगठा, मग त्याच्या शेजारचं बोट. झालं समाधान? "सहज" विचारते म्हणे.

तुझ्या पुड्या उघडल्या. दुकान बंद करून, कापायच्या टेबलावर जुनं कापड पसरून बसले. बबडीने बोटांत माती दिली. मी मळली. तू सांगितलंस त्याच्या दुप्पट मळली, हट्टाने. मग म्हटलं, पहिली चिमूट चिकट. बबडीने माझी बोटं पुसली. पुन्हा केलं. मी म्हटलं, आता दुसरी चिकट. तिने परत बोटं पुसली. शेवटी म्हणाली, "आई, दोन्ही वेळा मी तुला एकच माती दोनदा दिली होती."

तर ते असं आहे.

आता माझं ऐक. गेलं वर्षभर बटणं लावायचं काम मी बबडीकडे दिलंय. "डोळ्यांना दिसत नाही गं" म्हणून सांगते. चष्म्याच्या दुकानात जाऊन खोटा खोटा नंबरही काढून आले. डोळे ठणठणीत आहेत माझे. सुई धरली आहे की नाही हे मला बघावं लागतं, बघितल्याशिवाय कळत नाही. तुला सांगितलं नाही, कारण तू तिकडे डोंगरावर एकटी, उगाच जिवाला घोर. आणि तू मला सांगितलं नाहीस, कारण मी इकडे. दोघी शहाण्या! तुझ्या भाऊजींना अजून काही ठाऊक नाही. त्यांना तू आल्यावर सांगू, माझ्या एकटीने होणार नाही ते.

बाबांना डॉक्टरकडे न्यायला आपण तीन वर्षं घालवली, कारण स्क्रू खराब होते. तू माती फसवी म्हणालीस, मी डोळ्यांवर ढकललं. पुरे झालं आता. नसांच्या डॉक्टरांकडे येता सोडून पुढच्या सोमवारची वेळ घेतली आहे, दोघींची. तिथल्या मुलीने विचारलं, "पेशंट कोण?" म्हटलं, बहीण आणि बहीण. तू त्याआधीच्या शनिवारी इथे येऊन धडकायचंस. काम आहे, नकाशा आहे, साहेब आहेत, मला एक ऐकायचं नाही. साहेब समजूतदार दिसतात, त्यांना माझा नमस्कार सांग आणि नीघ. बाबांच्या वेळी औषधं नव्हती, आता काय आहे ते विचारू. काही नसलं तर नसलं. पण विचारू.

एक गोष्ट अजून लिहिली नाही. लिहू की नको करत होते.

मी टेबल आवरायला लागले तर बबडी म्हणाली, "आता मला दे." मी म्हटलं, तुला कशाला, हात घाण होतील. उद्या परीक्षा आहे, जा अभ्यास कर. ती उठली नाही. "आई, दे." तिला सगळं कळलं होतं गं. मी कधी काही बोलले नाही, पण वर्षभर माझी बटणं लावणाऱ्या पोरीला कळणार नाही होय?

तिने डोळे मिटले. मी देताना अर्धी माती टेबलावर सांडली. तिने जराशी मळली आणि म्हणाली, "ही सोडतच नाही मला." बरोबर होतं; तुझ्या पत्रातल्या रंगांवरून चिकट पुडी कुठली ते मला दिसत होतं. मी बदलून दिली. "ही सुटते." बरोबर. मी दोनदा तीच दिली, मला फसवलं होतं तशी. "फसवू नकोस, तीच आहे." मी देत राहिले. पुड्या संपत आल्या तरी मला थांबवेना. शेवटी तिनेच डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, बास."

विसाव्या वर्षी कळतं म्हणून पुढेही कळेल असं नाही, हे मलाही समजतं, तू शिकवू नकोस. बाबांनाही विसाव्या वर्षी सगळं कळतच होतं. तरी मी तिला मोरीपाशी नेलं आणि तिचे हात धुतले, लहानपणी धुवायचे तसे, एकेक बोट. पाणी गार होतं. ती म्हणाली, "आई, किती गार आहे!" मी म्हटलं, हो ना. मला गार लागलं नव्हतं.

शनिवारी ये. नक्की ये. मी स्टेशनवर येते.

तुझ्याइतकीच घाबरलेली,
ताई