हॉलिसच्या रेघा

९ जानेवारी २०१७, सोमवार
रात्रभर बर्फ. ड्राइव्हवे मीच शोव्हल केला. हे सकाळपासून बेसमेंटमध्ये खोकी उपसत. अकराला वर आले, कोपरापर्यंत धूळ, हातात सहा निळ्या वह्या.
"अगं, हॉलिस सापडला!"
हरवला कधी होता? लग्नापासून आमच्याबरोबर जेवायला बसतोय.

११ जाने.
शनिवारी डेट्रॉइटहून एरिन नावाची मुलगी येणार. विसरलेल्या खेळाडूंवर पुस्तक लिहिते. हॉलिस नदीपलीकडच्या डेट्रॉइटच्या बास्केटबॉल संघाचा सेंटर. बास्केटखाली उभा राहायचा आणि समोरच्याचे चेंडू अडवायचा. त्या काळी गुण मोजत, अडवलेले चेंडू कुणी अधिकृतपणे मोजत नसे. म्हणून तो कुठल्या यादीत नाही. आमच्या वह्यांत आहे. एका चेंडूला एक उभी रेघ, पाचवी आडवी.
ह्यांनी फराळाचं करायला सांगितलंय. माझा भाऊ आला होता तेव्हा एवढं झालं नव्हतं.

१४ जाने.
एरिन आली. तिशीची, हसरी. चिवडा दोनदा घेतला. वह्या बघून डोळ्यांत पाणी. "मिस्टर लिमये, यू आर अ ट्रेझर."
ह्यांनी मान झुकवून सांगितलं, "आय केप्ट काउंट." आय!
हे तेव्हा कारखान्यात दुपारच्या पाळीला, तीन ते अकरा. मॅच संध्याकाळी रेडिओवर. घरात कोण होतं? मी. नवं लग्न, गावात ओळखीचं कुत्रं नाही, हिवाळा. "तेवढ्या रेघा मारून ठेव गं." तीन वर्षं मारल्या. पुण्याची बी.एस्सी., स्टॅटिस्टिक्स, पहिला वर्ग. तिचा उपयोग एवढाच.
एरिनने माझा हात धरला, म्हणाली चहा फार छान होता.
पुढे तीच म्हणाली, हॉलिसच्या डेट्रॉइटमधल्या शेवटच्या हिवाळ्यात, १९७२, आकडे एकदम खाली आलेत. प्रशिक्षक तेव्हा म्हणत होता की हॉलिस संपला. संघाने त्याला दुसरीकडे पाठवून दिलं. "युवर नोटबुक प्रूव्ह्ज इट."
मी स्वयंपाकघरात जाऊन धुतलेले कप परत धुतले.

१५ जाने.
लिहून टाकते. तो हिवाळा खाली आला नव्हता. मी आणला होता.
हे साडेअकराला घरात शिरायचे. बूट पायातच. पहिला शब्द, "किती?" जेवलीस का नाही, दिवसभर काय केलंस नाही. किती! हॉलिसने जास्त अडवले की चेहरा उजळायचा, कमी अडवले की उतरायचा. माझ्यासाठी दोन्ही कधी झालं नाही. एके दिवशी तीन रेघा कमी मारल्या. सोपं होतं. मग पूर्ण हिवाळा.

२२ जाने.
एडमंटनहून अनघाचा फोन. "आई, बाबा इज सो हॅपी! फिफ्टीन मिनिट्स ऑफ हॉलिस, नॉनस्टॉप."
"माझ्या गुडघ्याबद्दल काही म्हणाले का?"
"व्हॉट अबाउट युवर नी?"
म्हणजे नाही.

४ फेब्रु., शनिवार
नदीखालच्या टनेलने पलीकडे, डेट्रॉइटला. एरिनने हॉलिसची भेट ठरवली होती. तिकडे जुना रस्ता चुकलो, ह्यांना बोलायचं भान नव्हतं, फक्त कॉलर सारखी करत होते. माझ्या साडीकडे बघितलंही नाही.
हॉलिस मुलीच्या घरी राहतो. ऐंशीच्या आसपास. मनात सत्तेचाळीस वर्षं जो खांब उभा होता तो खुर्चीत मावत नव्हता, गुडघ्यांवर शाल. मी आत आले तर उठायला लागला. मुलगी ओरडली, "डॅडी, सिट!" तरी उठला. माझ्यासाठी.
वह्या मांडीवर घेतल्या. देवनागरी आकडे त्याला काय कळणार, पण रेघा रेघाच. बोट फिरवत म्हणाला, "दिस इज अ वुमन्स हँड. माय वाइफ केप्ट हर लिस्ट्स लाइक दिस."
हे हसले. "येस, येस, शी हेल्प्ड. समटाइम्स."
समटाइम्स!
तो माझ्याकडे वळला. "ऑल दोज ईव्हनिंग्ज, यू वेअर बाय युवरसेल्फ?" मी मान हलवली. हे एवढं ह्यांनी विचारलं असतं तर.
मग शेवटची वही उघडली. पानभर मोकळी जागा. बराच वेळ बघितलं. "सो कोच वॉज राइट." आवाज वर नाही, खाली नाही. "पंचेचाळीस वर्षं मी त्याच्याशी मनात भांडतोय. मला वाटायचं, मी चांगला खेळत होतो." इंग्रजीत म्हणाला, माझ्या डोक्यात मराठीतच राहिलं.
ह्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. येताना गाडीत रडले. माझी आई गेली तेव्हा नव्हते रडले. मला अजूनही हेच खुपतं, इतकं होऊनही.

५ फेब्रु.
माझी ७२ची रोजनिशी शिवणाच्या मशीनच्या डब्यात होती. सापडली.
'१९ जाने. सात अडवले. चार लिहिले. आल्याआल्या किती? चार म्हटलं. तोंड उतरलं. मला बरं वाटलं.'
'२ फेब्रु. माझा वाढदिवस. ह्यांना आठवण नाही. पाच अडवले. एक लिहिला.'
'२३ फेब्रु. आठ. तीन लिहिले. जन्मभर असंच राहायचं असेल तर मी पुण्याला परत जाते.'
सगळा हिवाळा आहे. खोटं लिहिताना खरं दुसरीकडे लिहून ठेवलं. शिक्षण वाया गेलं नाही.

७ फेब्रु.
एरिनच्या पुस्तकातलं हॉलिसवरचं प्रकरण सोमवारी संपादकाकडे जातं. फोनवर नुसतं सांगितलं तर म्हणेल, पुरावा? मीही तेच म्हटलं असतं. पुरावा मराठीत. तिला वाचून कोण दाखवणार? मी वाचलं तर तो माझाच शब्द. हेच.
फक्त आकडे नव्या कागदावर उतरवले तर? बसले उतरवायला. दोन ओळी झाल्या नि थांबले. वगळूनच तर सगळं झालं.

९ फेब्रु.
हे दोन दिवस नीट जेवत नाहीत. "मी उगाच वह्या दाखवल्या. म्हातारपणी त्याच्या जिवाला घोर लावला."
मी म्हटलं, "तुमच्या जिवाला काय झालं?"
"अगं, तो संपला नव्हता असं मला वाटायचं."
त्याच्यासाठी झुरणारा नवरा समोर आणि मी बरणीतलं लोणचं वाढते आहे. त्या हॉलिसचा राग येतो. त्याचं देणंही लागते. दोन्ही एकाच ताटात.

११ फेब्रु., शनिवार
सकाळी चहाबरोबर ७२ची रोजनिशी टेबलावर ठेवली. कापडी पुठ्ठा, साल ठळक. खूणचिठ्ठी १९ जानेवारीला.
"ही कुठली वही? ह्यात हॉलिस आहे?"
"आहे. मीही आहे."
"म्हणजे?"
"वाचा. मग एरिनला फोन करा. नाहीतर नका करू."
उघडली, डोळ्यांपासून लांब धरली, जवळ धरली. "माझा चष्मा कुठेय गं?"
फ्रिजवर बघितला, खिडकीत बघितला. आता बेसमेंटच्या जिन्यावर पावलं वाजतायत.
चष्मा इथेच आहे, मी लिहितेय त्या वहीखाली. ते वर येतायत.