जांभळ्या ठिपक्यावरचा कलश

मी बन्सीधर नागोराव चारठाणकर, वय सहासष्ट, निवृत्त चित्रकला शिक्षक, राहणार जिंतूर. डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या दाबाखाली न येता हे लिहून ठेवतो. माझं डोकं फिरलंय असं धाकटा भाऊ व्यंकटराव गावभर सांगतो, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

राहतं घर पुतणी सुमंगला हिला. तिच्या लग्नात जे झालं त्यात पोरीचा काही कसूर नाही. शेतातला माझा वाटा तिचा बाप व्यंकटराव याला. रागापायी जमीन परक्याला द्यावी इतका येडा मी नाही.

आता चित्राचं. चारठाण्यातल्या आमच्या गल्लीचं हे तैलचित्र मी एकसष्ट साली काढलं. इम्प्रेशनिस्ट ढंगाचं. जवळून नुसते रंगाचे ठिपके. मागं सरलं की दुपारची गल्ली दिसते. गाव कापूस वेचायला गेलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. फक्त उजवीकडच्या दारात एक जांभळा ठिपका. ती माझी बायको अनसूया, जांभळ्या लुगड्यात. "भाकर निवायलीय, या की आता," म्हणत उभी होती. पुढच्या वर्षी ती वारली. तिचा फोटो कधी काढलाच नाही. माझ्यापाशी तिचं एवढंच होतं.

हे मी एकाच माणसाला सांगितलं, माझा विद्यार्थी अप्पाराव याला. "सर, हा डाग चुकून पडला का?" असं त्यानं विचारलं होतं. त्याला ब्रश धरायला मी शिकवलं. आता तो जिंतुरात पाट्या रंगवतो.

औंदा वैशाखात सुमंगलाचं लग्न माझ्याच घरी झालं, जिथं हे चित्र टांगलेलं असतं. वऱ्हाडाची गाडी ठरवायला मी परभणीला गेलो होतो. लग्नघराच्या भिंतीवर गणपती काढायला अप्पाराव आला होता. व्यंकटराव त्याला म्हणाला, "ही सुनी गल्ली लग्नघरात बरी दिसत न्हाई. सगळं गाव मसणवट्यात गेल्यावानी वाटतंय. भर जरा." अप्पारावानं वाजंत्री काढले, तोरण काढलं, आणि त्या दारात, नेमका तिच्यावर, हा एवढा मोठा कलश!

व्यंकटरावाला ठाऊक नव्हतं. पण याला होतं! अरे अप्पा, कलश डावीकडं काढला असतास तर हात मोडला असता का तुझा? ज्याला विश्वासानं सांगावं त्यानंच केसानं गळा कापावा, हे मला मरेपर्यंत सोसणार नाही.

कोणी रंग खरवडू नये. कलशाबरोबर तीही निघेल. चित्र माझ्यासोबत सरणावर ठेवावं. तिला त्या कलशाखालून सोडवायचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. अप्पारावाला मी काहीच देत नाही, म्हणून साक्षीला तोच. पूर्ण वाचूनच त्यानं सही करावी.

जिंतूर, १२ जुलै १९८७
(सही) बन्सीधर नागोराव चारठाणकर

साक्षीदार:
१. (सही) किशनराव दत्तराव पेडगावकर, शेजारी
२. (सही) अप्पाराव सखाराम घुगे, पेंटर. वाचलं, सर. मला म्हाईत होतं. तुमच्या भावानं त्याच दाराकडं बोट दावलं, त्यास्नी न्हाई म्हणायला जीभच उचलली न्हाई.