नकाशातलं मोहाचं झाड

कारंजा, भादवा, १९५६

बुधीचे बाबा,

तुम्ही मोजणीवाल्या सायबासंगं साखळी ओढाले गेले, तवापासून नाला दरसाल काठ खाऊन राह्यला. औंदाच्या पुरात काठावरचं मोहाचं झाड गेलं. त्याखाली पुरलेली आपली बुधीही गेली.

लहान लेकरू मोहाखालीच पुरायची आपली रीत. टेकडीवरही मोह होता, पण तिथं मुरूम. तुम्ही म्हणाले, "इथं नको, लेकराले गोटे टोचतीन." म्हणून मऊ माती पाहून काठावर नेली. पाणी मऊ मातीच आधी नेते, हे तवा कोणाच्या ध्यानात येते?

काल बायांच्या साक्षर वर्गात मास्तरानं तुमच्या मोजणीचा नकाशा भितीले लावला. त्यात नाला जुन्याच वाटेनं जाते. काठावर एकलं झाड काढलं हाये. मी त्यावर बोट ठेवलं. मास्तर म्हणे, "बाई, बसा आता." मले बोट उचलवेना.

तुम्ही लिवलं, दिवाळीले येतो, आधी बुधीपाशी जाऊ. म्हणून हे पत्र धाडत नाई. दिवाळीपावतर तुमच्यासाठी तरी ते झाड उभं राहू दे.

बुधीची माय,
सुंदरा